रविवारी लायब्ररीला कुलूप नको

गेली अकरा वर्षं मी विद्यापीठाच्या आवारातल्या शिक्षकांच्या क्वार्टरमध्ये राहते. सोमवार ते शुक्रवार इथे काय चालतं ते वेळापत्रकावर लिहिलेलं असतं. शनिवार-रविवारचं कुठेच लिहिलेलं नसतं.

शुक्रवारी चारनंतर होस्टेलकडून बॅगांच्या चाकांचा खडखड आवाज सुरू होतो. ज्यांचं घर जवळ, ते निघतात. मागे राहतात लांबून आलेले, परदेशातून आलेले, सोमवारी सबमिशन असलेले, आणि ज्यांना घरी जावंसं वाटत नाही असे. या शेवटच्यांची संख्या आपल्याला वाटते त्यापेक्षा बरीच जास्त असते. ते कारण सांगत नाहीत, मीही विचारत नाही.

शनिवारी सकाळी अकरापर्यंत होस्टेल झोपलेलं असतं. भेटायला आलेले पालक हमखास म्हणतात, "मॅडम, ही मुलं किती झोपतात!" मी सांगते, झोपू द्या. झोपेच्या वेळांवर काम करणारे जर्मन शास्त्रज्ञ टिल रोनेबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये दाखवून दिलं की पौगंडावस्थेत झोपेची वेळ पुढे पुढे सरकत जाते, विशीच्या आसपास ती सगळ्यात उशिरा असते आणि मग हळूहळू मागे येऊ लागते. शरीराचं घड्याळ आणि कामाचं घड्याळ यांच्यातल्या या ओढाताणीला त्यांच्याच गटाने २००६ मध्ये 'सोशल जेटलॅग' असं नाव दिलं. आठवडाभर सकाळच्या लेक्चरला तारवटलेल्या डोळ्यांनी बसलेली मुलं शनिवारी झोपेची थकबाकी वसूल करतात. त्यात आळस नाही.

पीएचडीवाल्यांना मात्र ही मुभाही नसते. प्रयोगासाठी पेशी वाढवणाऱ्याला रविवारीही लॅबमध्ये जाऊन त्या ज्या पोषक द्रवात वाढतात तो बदलावा लागतो. रात्री विज्ञान विभागातल्या एकदोन खिडक्या उजळलेल्या दिसल्या की आत कुणीतरी एकटं आहे हे मला कळतं.

रविवारची सकाळ मला फार आवडते. गावातली माणसं फिरायला येतात, रिकाम्या रस्त्यांवर लहान मुलं सायकल शिकतात. 'कॅम्पस' या लॅटिन शब्दाचा अर्थच मुळी मैदान. विद्यापीठाच्या आवारासाठी तो पहिल्यांदा प्रिन्स्टनमध्ये वापरला गेला, १७७४ च्या सुमारास. मैदान म्हटलं की ते मोकळं हवं. गाव आणि विद्यापीठ एकमेकांना परके झाले की काय होतं ते ऑक्सफर्डने १३५५ मध्ये पाहिलंय. एका गुत्त्यातल्या भांडणावरून दंगल पेटली, कित्येक विद्यार्थी मारले गेले, आणि त्याचं प्रायश्चित्त ते शहर दरवर्षी घेत राहिलं, थेट १८२५ पर्यंत! म्हणून सुरक्षेच्या नावाखाली रविवारी फाटक लावून घ्यायचं म्हणणाऱ्यांशी मी दर वेळी भांडते.

पण खरी अवघड असते ती रविवारची दुपार. तीन वाजल्यापासून दिवेलागणीपर्यंत वेळ जाता जात नाही. मागच्या सत्रात अशाच एका दुपारी पहिल्या वर्षाची एक मुलगी लायब्ररीच्या पायऱ्यांवर बसलेली दिसली. दाराला कुलूप होतं. अभ्यास राहिलाय का, असं विचारलं, तर म्हणाली, "नाही मॅडम. रूमवर कुणीच नाहीये. आत चार माणसं असतील असं वाटलं होतं."

तिला पुस्तक नको होतं. तिला पान उलटल्याचा, खुर्ची सरकवल्याचा आवाज हवा होता. ओळख नसली तरी चालणाऱ्या सोबतीसाठी रीडिंग रूमसारखी जागा नाही, कारण तिथे कुणी "एकटीच का?" असं विचारत नाही. आपण समुपदेशन केंद्र उघडतो, भिंतींवर हेल्पलाइनचे नंबर लावतो, ते हवंच. पण एकटेपणा ज्या दिवशी सर्वांत जास्त जाणवतो, नेमक्या त्याच दिवशी आपण दिवे मालवून घरी जातो, हे मला पटत नाही.

कर्मचाऱ्यांनी सुट्टी घ्यायचीच नाही का, हा प्रश्न रास्त आहे. त्यांच्याही घरी माणसं आहेत. म्हणून मी सगळी लायब्ररी उघडा म्हणत नाही. पुस्तकांची देवघेव बंद राहू दे, फक्त रीडिंग रूम दुपारी दोन ते रात्री नऊ उघडी ठेवा. पाळी लावा, बदली सुट्टी द्या, आणि मदतीला विद्यार्थी घेतले तर त्यांना त्याचे पैसे द्या.

आणि माझ्यासारख्या शिक्षकांना एक विनंती. शनिवारी रात्री ग्रुपवर सोमवारच्या असाइनमेंटचा मेसेज टाकू नका. मीही टाकलेत. एका विद्यार्थ्याने रात्री दोनला उत्तर पाठवलं तेव्हापासून बंद केले.

ग्रंथालय समितीची बैठक पुढच्या महिन्यात आहे. अर्ज लिहून तयार आहे, सह्या हव्या आहेत. सकाळी फिरायला येणाऱ्यांनीही करा. आवार तुमचंही आहे.