खुबा बदलला म्हणून गड सुटत नाही

सकाळी साताऱ्याच्या अजिंक्यताऱ्यावर जाणाऱ्या आमच्या ग्रुपवर आठवडाभर एक मेसेज फिरतोय. वर ‘सावधान’, खाली हात जोडल्याची चार चित्रं. मजकूर थोडक्यात असा: खुबा बदललेल्याने डोंगर कायमचा विसरावा. चढाने नवा सांधा घासतो, दहा वर्षांत निकामी होतो. आतला धातू पावसात गंजतो. आणि ज्याला मांडी घालता येत नाही, त्याने रानात जाऊन करायचं काय? नानांनी तो मला वेगळा पाठवला, खाली ‘ताई, जपा’. नाना, माझा उजवा खुबा बदलून दोन वर्षं होत आली. जपतेच आहे, पण मेसेज म्हणतो ते नाही.

गंजाचं आधी उरकते. आत टायटॅनियम, कोबाल्ट-क्रोम, सिरॅमिक आणि एक चिवट प्लास्टिक असतं. सांध्याभोवती बारा महिने ओलच असते. ठोसेघरच्या पावसाने त्यात काय भर पडणार?

दहा वर्षांचं म्हणाल तर 2019 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात परदेशातल्या नोंदी एकत्र करून हिशेब मांडला गेला. 15 वर्षांनी शंभरातले साधारण 89 सांधे टिकून होते, 25 वर्षांनी 58. हे पंचवीस वर्षं जुने सांधे 1994 च्या आधी बसवलेले, म्हणजे त्या काळच्या प्लास्टिकचे. चाळिशीत खुबा बदललेल्या माणसाचा सांधा जास्त वापरला जातो आणि त्याला दुसऱ्या ऑपरेशनची वेळ येऊ शकते, हे मान्य. पण म्हणून दहा वर्षांची मुदत छापून द्यायची?

आता चढ. बर्लिनच्या संशोधकांनी काही रुग्णांना बसवलेल्या सांध्यातच भार मोजणारं यंत्र घातलं होतं. सपाटीवर चालताना सांध्यावर वजनाच्या सुमारे 2.4 पट भार आला, जिना चढताना 2.5, उतरताना 2.6. म्हणजे पोवई नाक्यावरून चालण्यात आणि पायऱ्या चढण्यात खुब्याला फारसा फरक कळत नाही. पण ठेच लागून तोल गेला, तेव्हा हाच भार सात-आठ पटींवर गेला. साठ किलोच्या माणसाचे चारशे किलोच्या वर! या मेसेजमध्ये पडण्याबद्दल एक अक्षर नाही.

मला ते कळलं पाचव्या महिन्यात. गडावरून येताना डांबरी रस्ता सोडून पायवाटेने उतरायची हौस आली. मुरूम सुटा होता, काठी उजव्या हातात. पाय सटकला आणि मी बसकण मारली. कोपर सोललं, दुसऱ्या दिवशी एक्स-रे काढला, सांधा जागेवर होता. फिजिओने बजावून सांगितलं होतं की काठी ऑपरेशनच्या विरुद्ध हातात धरायची, म्हणजे माझी डाव्या. कुल्ल्याच्या बाजूचे जे स्नायू कंबर सरळ धरतात, ते माझे वर्षानुवर्षं लंगडून पार ढिले पडले होते. सांधा नवा, स्नायू जुनेच. त्यानंतर रोज ओट्याला बोटं टेकून उजव्या पायावर उभी राहायचे आणि डाव्या बाजूची कंबर खाली कलते का, ते लेक मागून बघायची. दोन महिने कलत होती. तोवर मी डांबरी रस्ता सोडला नाही.

मांडीच्या मुद्द्यात मात्र तथ्य आहे. सुरुवातीचे आठवडे, विशेषतः सांधा मागच्या बाजूने उघडला असेल तर, काटकोनापेक्षा जास्त वाकणं, पायावर पाय टाकणं, बुटक्या पाटावर बसणं बंद. सांधा निखळण्याची भीती पहिल्या तीन महिन्यांत सर्वात जास्त. पुढे मांडी घालायची का, उकिडवं बसायचं का, हे ज्याने ऑपरेशन केलं त्यालाच विचारावं. मला त्यांनी उकिडवं बसायला मनाई केली. म्हणून घरून सगळं उरकून निघते आणि डबा उंच दगडावर बसून खाते, गुडघा खुब्याच्या खाली राहील असा. गडावर काय पंगत बसते की काय? (पोटरी सुजली, ताप आला, जखम लाल झाली, तर मात्र डोंगर नाही, थेट डॉक्टर.)

वासोट्याला मी अजून गेलेली नाही. बामणोलीहून लाँच, पलीकडे जंगल आणि खडा चढ. चढायला मी तयार आहे, पण तिथे पडले तर लाँचपर्यंत उचलून आणणार कोण? यवतेश्वरच्या घाटात निदान रिक्षा तरी मिळते.

तर नाना, रविवारी सज्जनगड, गाडीतळापासूनच्या पायऱ्यांनी. उतरताना तुम्ही पुढे व्हा. तुम्ही मागून घाई करता आणि माझी काठी चुकते.