वेबमिनच्या कामाबद्दल तुमच्या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार साहेब. एक स्टार दिलात आणि लिहिलंत की वेबमिन (ब्राउझरमधून सर्व्हर सांभाळायचं सॉफ्टवेअर) बसवलं पण ब्राउझर 'असुरक्षित' म्हणतो, निपाणीच्या गोदामातून ते उघडतच नाही, आणि बुधवारी करंट जाऊन आल्यावर उद्यमबागच्या ऑफिसातही सगळं बंद पडलं.

बुधवारची चूक पूर्णपणे माझी. करंट आल्यावर सर्व्हर आपोआप सुरू झाला, वेबमिनही सुरू झालं, पण राऊटरने मशीनला दुसराच आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) दिला. मॉनिटरच्या कडेला मी चिकटवलेल्या चिठ्ठीवरचा पत्ता त्यामुळे चालेना, आणि बिलिंगही त्याच मशीनवर असल्याने तुमच्या अकाउंटच्या ताई दिवसभर खोळंबल्या. तो आयपी राऊटरमध्ये पहिल्याच दिवशी पक्का करायचा असतो. माझ्याकडून राहिला. त्यांची आणि तुमची मनापासून माफी मागतो.

ब्राउझरच्या इशाऱ्याचं म्हणाल तर वेबमिन स्वतःच बनवलेलं सर्टिफिकेट वापरतं. ब्राउझर ते ओळखत नाही, म्हणून ओरडतो. पासवर्ड मात्र कूटबद्ध होऊनच जातो. हे निघताना सांगायला हवं होतं. पत्त्याच्या आधी 'एचटीटीपीएस' लिहावं लागतं, हेही चिठ्ठीवर नव्हतं.

निपाणीचं मात्र मी मुद्दाम बंद ठेवलंय, आणि तसंच ठेवणार. वेबमिन रूटच्या, म्हणजे मशीनवरच्या सर्वोच्च, अधिकाराने चालतं. ज्याच्या हाती ते लागलं, त्याच्या हाती तुमचं अख्खं मशीन. 2019 मध्ये तर वेबमिनच्या डाउनलोडच्या फायलींतच कुणीतरी चोरदरवाजा घुसवल्याचं उघड झालं होतं; 1.890 ते 1.920 या आवृत्त्यांत तो होता, 1.930 मध्ये काढला. तुमच्याकडे त्यानंतरची आवृत्ती आहे, काळजी नको. पण 10000 नंबरचा पोर्ट, म्हणजे वेबमिनचं दार, सगळ्या इंटरनेटला उघडा टाकून तुमची खातेवही त्यामागे ठेवायला माझं मन धजत नाही. कुणी "दोन मिनिटांत उघडून देतो" म्हणालं तरी नको म्हणा.

शनिवारी दुपारी 3 वाजता येतो. आयपी पक्का करतो, नवी चिठ्ठी लावतो, ताईंना बॅकअप कसा बघायचा ते बसून दाखवतो, आणि निपाणीच्या लॅपटॉपवर वायरगार्ड (ऑफिसच्या नेटवर्कशी सुरक्षित खासगी जोडणी करणारं सॉफ्टवेअर) घालून देतो, म्हणजे तिथूनही सुरक्षित उघडेल. याचे पैसे घेणार नाही. तेवढा तो लॅपटॉप शुक्रवारीच बेळगावला मागवून ठेवा.