खुलासा: 'ऑटोरिमूव्ह'बद्दलची माझी ती पोस्ट

डेबियन आणि उबंटू या लिनक्स प्रणालींवर सॉफ्टवेअरची पॅकेजेस टाकायचं-काढायचं काम 'ॲप्ट' हे साधन करतं; 'ऑटोरिमूव्ह' ही त्याचीच एक कमांड. गेल्या आठवड्यात मी लिहिलं होतं, "डेबियन-उबंटूवर नको असलेली पॅकेजेस साचली की ॲप्टचं ऑटोरिमूव्ह चालवा, जातो तो निव्वळ कचरा, प्रश्न नको म्हणून 'वाय' लावूनच टाका." ('वाय' म्हणजे ॲप्टच्या प्रश्नांना आधीच 'हो'.) ते अर्धवट होतं, आणि नेमका तोच भाग गटागटांतून फिरतोय.

ॲप्टला कचरा कळत नाही. दुसऱ्या पॅकेजमुळे आपोआप आलेल्यावर ते 'ऑटो' अशी खूण ठेवतं; पुढे त्याच्यावर अवलंबून असलेलं किंवा त्याची शिफारस किंवा सूचना करणारं कुणी उरलं नाही, की ते ऑटोरिमूव्हच्या यादीत. तुम्ही ते रोज वापरता का, हे ते बघतच नाही.

मी स्वतः फसलो. 'बिल्ड-इसेन्शियल' हे पॅकेज टाकलं की जीसीसी (कंपायलर) आणि मेक (कोडमधून प्रोग्राम बांधणारं साधन) सोबत येतात. मला वाटलं हे नुसतं नावाचं पॅकेज, म्हणून काढलं. मग ऑटोरिमूव्ह. दुसऱ्या दिवशी मेक चालवायला गेलो तर 'कमांड नॉट फाउंड'! यादी समोर आली होती, पण 'वाय' लावल्यामुळे वाचायला थांबलोच नाही.

आधी 'ॲप्ट-गेट'ला (ही ॲप्टचीच कमांड) 'एस' पर्याय देऊन ऑटोरिमूव्ह चालवा. काहीही न काढता ते फक्त यादी दाखवतं. हवं ते 'ॲप्ट-मार्क मॅन्युअल'ने राखून ठेवा. एखादं पॅकेज का आलं हे 'ॲप्टिट्यूड व्हाय' सांगतं (ॲप्टिट्यूड हे ॲप्टसारखंच दुसरं साधन, बहुधा वेगळं टाकावं लागेल).

जुनी पोस्ट मी काढली आहे. तिचे स्क्रीनशॉट कृपया पुढे पाठवू नका. पाठवले असतील तर तिथेच हा खुलासा टाका.