रॉटरडॅमची द्राक्षे आणि आपली द्राक्षे

आज सकाळी पॅकहाऊसमधून निरोप आला, की आमच्या एका प्लॉटचा नमुना युरोपच्या रेसिड्यू, म्हणजे फवारणीच्या रसायनांच्या उरलेल्या अंशाच्या, चाचणीत नापास झाला. दुपारी तोच माल एका व्यापाऱ्याने बांधावर येऊन उचलला आणि तपासणीचा कागद मागितलासुद्धा नाही. विकणारा मीच आहे, हे लपवून काय उपयोग?

२०१० साली अण्णांचा माल असाच रॉटरडॅमला अडकला होता. खरड छाटणीनंतर वेलीची वाढ आटोक्यात राहून घड चांगले सुटावेत म्हणून सगळेच सीसीसी, म्हणजे क्लोरमेक्वाट क्लोराइड, वापरत असत. युरोपीय संघाने त्याच्या अंशावर कडक मर्यादा घातलेली होती, पण आपल्याकडच्या निर्यात चाचण्यांच्या यादीत त्याचे नावच नव्हते. सगळ्या चाचण्या उत्तीर्ण झाल्याचे प्रमाणपत्र अण्णांच्या हातात आणि माल परक्या बंदरात, अशी अवस्था होती. त्या कंटेनरचे कर्ज आम्ही पुढे कितीतरी हंगाम फेडत होतो.

ज्या रसायनासाठी वेगळी मर्यादा ठरलेली नाही, त्याला युरोपात किलोमागे ०.०१ मिलिग्रॅमची सरसकट मर्यादा लागते. जागतिक व्यापार संघटनेच्या १९९५ च्या करारानुसार शास्त्रीय आधार दाखवून कोणताही देश कोडेक्सपेक्षा, म्हणजे अन्नाच्या आंतरराष्ट्रीय मानकांपेक्षा, कडक नियम करू शकतो, आणि तो आधार पुरेसा आहे का, हा वाद जिनिव्हात सरकारे घालणार. तोवर कंटेनरमधल्या द्राक्षांचे काय होते, ते अण्णांना विचारा. शिवाय हाच युरोप स्वतःच्या शेतात बंदी घातलेली कीटकनाशके स्वतःच्या कारखान्यांत बनवून बाहेरच्या देशांना विकतो, तेव्हा ही शुचिता कुठे जाते?

युरोपच्या धाकामुळेच आमच्या बागेतली फवारणीची वही रोज लिहिली जाऊ लागली, हे मान्य करावे लागेल.

खरा राग मात्र युरोपीय संघाच्या ब्रुसेल्सवर नाहीच, असे लिहिता लिहिता जाणवते आहे. केरळातल्या कासरगोडची माणसे वर्षानुवर्षे एंडोसल्फान या कीटकनाशकाचे भोग सांगत होती. एप्रिल २०११ मध्ये घातक, टिकाऊ रसायनांविषयीच्या स्टॉकहोम कराराच्या देशांनी जिनिव्हात त्यावर बंदीचा निर्णय घेतला, तेव्हाही भारताने सवलती मागून घेतल्या, आणि देशात त्याची विक्री थांबली ती पुढच्या महिन्यात सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने. परक्याच्या ताटासाठी आमची द्राक्षे प्रयोगशाळेत जातात. आपल्या माणसांच्या ताटासाठी तसा आग्रह धरणारे कोणी बांधावर येत नाही, आणि मीही आज धरला नाही.

संध्याकाळी अण्णांना सगळे सांगितले. त्यांनी भाव विचारला नाही. घरी खायला ठेवलेले कॅरेट कोणत्या प्लॉटमधले आहे, एवढेच विचारले.