कोहिनूर बघून थेट बसमध्ये बसणाऱ्यांसाठी

लंडनला जाऊन आलेल्या आपल्या लोकांचे अल्बम बघताना पुढचा फोटो कुठला असणार हे न बघता सांगता येतं. बिग बेन, लंडन आय, बकिंगहॅम पॅलेसचं फाटक, मादाम तुसाँमध्ये मेणाच्या खांद्यावर टाकलेला हात आणि टॉवर ब्रिज, ज्याच्या खाली हमखास ‘लंडन ब्रिज’ असं लिहिलेलं असतं. हरकत काही नाही. एवढा पैसा खर्चून गेल्यावर माणूस बिग बेनसमोर फोटो काढणारच.

टॉवर ऑफ लंडन तर बघाच. तिथे राजमुकुटांसमोर सरकता पट्टा आहे. आपण त्यावर उभं राहायचं, पट्टा आपल्याला पुढे नेतो. कोहिनूर समोर येतो आणि ‘आपला आहे हा’ असं शेजारच्याला म्हणेपर्यंत मागेही पडतो. १८४९ मध्ये लाहोरच्या तहात दहा वर्षांच्या दुलीपसिंगाकडून तो काढून घेतला, हे मनात घोळवायलासुद्धा तो पट्टा उसंत देत नाही. बाहेर आल्यावर ग्रुपमध्ये पाच मिनिटं इंग्रजांचा उद्धार होतो, मग टूर मॅनेजर झेंडा वर करतो आणि सगळे बसमध्ये. बस पश्चिमेकडे, म्हणजे राजवाडे आणि दुकानं आहेत त्या लंडनकडे.

माझं भांडण त्या बसच्या दिशेशी आहे. टॉवरच्या पाठीमागे पायी वीस-पंचवीस मिनिटांवर ब्रिक लेन आहे. तिथे फोर्निए स्ट्रीटच्या कोपऱ्यावर एक साधी विटांची इमारत उभी आहे. अख्ख्या लंडनमध्ये एकच वास्तू बघायची मुभा असेल तर मी ही बघेन. फ्रान्समधून पळून आलेल्या ह्युगेनॉट, म्हणजे प्रोटेस्टंट लोकांनी १७४३ मध्ये ती प्रार्थनामंदिर म्हणून बांधली. १८१९ मध्ये ती मेथडिस्ट या दुसऱ्या प्रोटेस्टंट पंथाकडे गेली. १८९८ मध्ये तिथे सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ झालं. १९७६ पासून तिथे मशीद आहे. भिंती त्याच, छप्पर तेच. फोर्निए स्ट्रीटच्या बाजूला मान वर करून बघा, त्रिकोणी कमानीत १७४३ सालचं सूर्यघड्याळ आहे. ते ह्युगेनॉटांनी बसवलं, नंतर आलेल्या कोणी उखडलं नाही.

हे सगळं पूर्वेलाच का, याचं उत्तर रोमँटिक नाही. हा भाग जुन्या शहराच्या तटाबाहेरचा. तटाच्या आत धंदा करायचा तर व्यावसायिक संघांचे कडक नियम, बाहेर त्यांचा जाच कमी. नदीच्या याच अंगाला गोद्या होत्या, घरभाडं कमी होतं. म्हणून १६८५ मध्ये फ्रान्सच्या चौदाव्या लुई राजाने प्रोटेस्टंटांचं धर्मस्वातंत्र्य काढून घेतल्यावर रेशमाचे विणकर इथे आले. १८८१ नंतर रशियन साम्राज्यातल्या दंगलींतून जीव वाचवून ज्यू आले, शिवणकामाला लागले. मग आजच्या बांगलादेशातल्या सिल्हेटचे बंगाली आले. त्यांच्यातले आधीचे बरेच जण बोटींवरचे खलाशी, पुढच्यांच्या हाती पुन्हा कपड्यांचाच धंदा. माणसं बदलली, सुई-दोरा राहिला. फोर्निए स्ट्रीटवरच्या जुन्या घरांचे पोटमाळे बघा, खिडक्या भिंतभर रुंद आहेत. मागावर बसणाऱ्याला उजेड लागतो, म्हणून.

आज ती घरं प्रचंड महाग आहेत आणि त्यांत विणकर राहत नाहीत, हेही सांगायला हवं. ब्रिक लेनही बदलते आहे. बंगाली हॉटेलं मिटतात, त्या जागी फॅशनेबल कॉफीची दुकानं येतात. म्हणजे या गल्लीवर आणखी एका वस्तीचा थर चढतो आहे, फक्त या वेळी येणारे कुठून पळून आलेले नाहीत.

वाटेत ऑल्ताब अली पार्क लागतं. पार्क कसलं, हिरवळीचा तुकडा. तिथे पूर्वी चर्च होतं, त्याच्या पांढऱ्या रंगावरून या भागाला व्हाइटचॅपल नाव पडलं. दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बहल्ल्यात ते गेलं. ४ मे १९७८ रोजी कामावरून घरी निघालेल्या ऑल्ताब अली या तरुण बांगलादेशी शिवणकामगाराचा वंशद्वेषातून या बागेलगत खून झाला. त्यानंतर हजारो बंगाली त्याची शवपेटी घेऊन थेट डाउनिंग स्ट्रीटपर्यंत, म्हणजे पंतप्रधानांच्या दारापर्यंत चालत गेले. बागेला त्याचं नाव आहे आणि एका कोपऱ्यात ढाक्याच्या शहीद मिनारची, म्हणजे बंगाली भाषेसाठी जीव दिलेल्यांच्या स्मारकाची, छोटी प्रतिकृतीही आहे. तिथून थोडं पुढे व्हाइटचॅपल रोडवर घंटा ओतण्याचा जुना कारखाना लागतो, २०१७ मध्ये बंद पडलेला. ज्या बिग बेनसमोर आपण सकाळी फोटो काढून आलो, ती घंटा १८५८ मध्ये इथेच ओतली गेली. आपण बघतो तो मनोरा, बिग बेन आतली घंटा.

याच रस्त्यांवर संध्याकाळी झुंडी दिसतात त्या मात्र जॅक द रिपरच्या टूरच्या. एका खुन्याने १८८८ मध्ये गरीब बायकांना कुठे कुठे मारलं, ते गाइड खिदळत सांगतो आणि लोक पैसे मोजून ऐकतात. मला किळस येते. त्या बायका ज्या दारिद्र्यात जगल्या ते सांगितलं तर मी पहिल्या रांगेत उभा राहीन.

‘विविधता बघितली’ म्हणजे चार देशांचं जेवलो, असाही एक पंथ आहे. जेवा की, पण २०२१ च्या जनगणनेत लंडनमधल्या दर दहा माणसांपैकी चार जण ब्रिटनबाहेर जन्मलेले निघाले. शहर एवढं मिसळतं तेव्हा जागेवरून भांडणं होतात, कायदे होतात. १९०५ चा परकीयांना अडवणारा कायदा मुख्यतः याच ज्यू वस्तीकडे बघून केला गेला. ताटाकडे बघून हे कळत नाही.

आणि हो, मराठी माणूस लंडनला जाऊन १०, किंग हेन्रीज रोड न बघता परत येतो, हे माझ्या पचनी पडत नाही. १९२१-२२ मध्ये बाबासाहेब तिथे राहून शिकत होते. २०१५ मध्ये महाराष्ट्र सरकारने ते घर विकत घेतलं, आता तिथे स्मारक आहे. प्रिमरोज हिलच्या जवळ, शांत गल्ली. जाण्याआधी वेळा बघून घ्या.

ब्रिक लेनला रविवारी बाजाराची खच्चून गर्दी असते, इमारती बघायच्या तर मधल्या वारी सकाळी जा. शुक्रवारी दुपारी नमाजाची वेळ असते, तेव्हा मशिदीच्या दारात कॅमेरे घेऊन उभे राहू नका. टॉवर हिलहून निघालात की ऑल्डगेट ईस्ट, ऑल्ताब अली पार्क, ऑसबर्न स्ट्रीट आणि मग ब्रिक लेन, वाट सरळ आहे. कार्यक्रमात बसत नसेल तर मादाम तुसाँ गाळा.