‘विमान अजून जमिनीवरच तर आहे’ : एका दाव्याचा प्रतिवाद

वैमानिकांच्या शिस्तीविषयी एक मजकूर सध्या पुष्कळ फिरतो आहे. त्याचा आशय असा, की विमान गेटपासून धावपट्टीपर्यंत संथपणे जाते (यालाच ‘टॅक्सी’ म्हणतात) तेव्हा धोका नगण्य असतो, कॉकपिटमध्ये दोघे वैमानिक असतात, शिवाय विमानतळाच्या नियंत्रण टॉवरची नजर असतेच. म्हणून त्या वेळी गप्पांना आणि मोबाइलला मनाई करणे ही निव्वळ कागदी शिस्त आहे.

वेग कमी असतो, हे खरे. परंतु टक्कर किती भीषण होणार, हे चुकून धावपट्टीवर आलेल्या विमानाच्या वेगावर ठरत नाही, तर तेथे उतरणाऱ्या किंवा उड्डाणासाठी धावणाऱ्या दुसऱ्या विमानाच्या वेगावर ठरते. २ जानेवारी २०२४ रोजी टोकियोच्या हानेडा विमानतळावर जपानच्या तटरक्षक दलाचे छोटे विमान धावपट्टीवर चक्क थांबलेले होते. उतरणारे एअरबसचे प्रवासी विमान त्यावर आदळले आणि छोट्या विमानातील सहापैकी पाच जण मृत्युमुखी पडले.

त्याहून मोठी चूक म्हणजे टॅक्सी हा रिकामा वेळ समजणे. याच मिनिटांत फ्लॅप, म्हणजे उड्डाणासाठी उचल वाढवणारे पंखांचे हलते भाग, योग्य स्थितीत आणले जातात, चेकलिस्ट वाचली जाते आणि धावपट्टी ऐनवेळी बदलली तर वेगाची व वजनाची गणिते नव्याने पडताळावी लागतात. १६ ऑगस्ट १९८७ रोजी डेट्रॉइटमध्ये नॉर्थवेस्ट एअरलाइन्सच्या २५५ क्रमांकाच्या विमानाला अशीच बदललेली धावपट्टी मिळाली, वाटेत एक वळणही चुकले आणि टॅक्सीची चेकलिस्ट राहून गेली. फ्लॅप न उघडताच विमानाने उड्डाण केले, इशारा देणारी यंत्रणाही वाजली नाही आणि १५६ जणांचे प्राण गेले. येथे लक्ष विचलित होण्यास गप्पांचीही गरज पडली नाही, कामातलाच व्यत्यय पुरला. मग त्यात अनावश्यक व्यत्ययांची भर कशासाठी?

‘दोघे असतात’ हा युक्तिवाद वरवर पटतो, पण संभाषण दोघांचेही लक्ष एकाच वेळी खेचते, हे त्यात विसरले जाते. २७ ऑगस्ट २००६ रोजी अमेरिकेतील लेक्सिंग्टन येथे कोमएअर या कंपनीचे विमान ७,००३ फूट लांबीच्या २२ क्रमांकाच्या धावपट्टीऐवजी ३,५०० फुटांच्या २६ क्रमांकाच्या धावपट्टीवरून निघाले. पहाटेच्या अंधारात त्या धावपट्टीवर दिवे नव्हते, तरीही चूक वेळेत कोणाच्याच लक्षात आली नाही. विमानातील ५० पैकी केवळ सहवैमानिक वाचला. टॅक्सी करताना झालेल्या उड्डाणाशी असंबद्ध संभाषणामुळे आपण नेमके कोठे आहोत याचे भान सुटले, असे तपास यंत्रणेने सहायक कारण म्हणून नोंदवले.

टॉवरविषयीच्या भरवशाचे उत्तरही याच अपघातात आहे. टॉवरमध्ये एकच नियंत्रक होता आणि उड्डाणाची परवानगी दिल्यावर तो दुसऱ्या कामाकडे वळला होता. धुक्यात तर टॉवरला काचेपलीकडचे काहीच दिसत नाही. ८ ऑक्टोबर २००१ रोजी मिलानच्या लिनाते विमानतळावर जमिनीवरील विमाने दाखवणारे रडार कार्यरत नव्हते आणि चुकीच्या टॅक्सी-वेने (धावपट्टीकडे नेणाऱ्या मार्गाने) गेलेले छोटे सेसना विमान धावपट्टीवर पोहोचल्याचे नियंत्रकाला कळलेच नाही. त्या टकरीत ११८ जण गेले.

राहिला नियमाच्या कठोरपणाचा आक्षेप. अमेरिकेत १९८१ मध्ये आलेला ‘स्टेराइल कॉकपिट’ (व्यत्ययमुक्त कॉकपिट) नियम वैमानिकांना मुके करत नाही. टॅक्सी, उड्डाण व अवतरण यांच्या काळात आणि सर्वसाधारणपणे १०,००० फुटांखाली, सुरक्षित उड्डाणाला आवश्यक नसलेली कामे व बोलणे टाळावे, एवढेच तो सांगतो. त्यानंतर गप्पांना हा नियम आड येत नाही. आणि टॅक्सी करतानाच खरोखर महत्त्वाचे काम उद्भवले, तर टॉवरला कळवून, धावपट्टीपासून दूर विमान थांबवून, ब्रेक लावून ते उरकण्याचा मार्ग प्रत्येक वैमानिकाला माहीत असतो. मोबाइलवरील संदेशासाठी तो मार्ग कोणी वापरत नाही, यावरूनच त्या संदेशाची निकड किती असते ते कळते.