बोट गेलं? मालक बघून घेतील!

लूमच्या (यंत्रमागाच्या) गिअरमध्ये उजव्या हाताची तर्जनी मुळापासून गेली? घाबरू नका. आणि मुख्य म्हणजे वकिलाकडे जाऊ नका. अक्कलकोट रोड एमआयडीसीत मुकादमाला सगळा कायदा पाठ असतो. तो हाताला टॉवेल गुंडाळेल (सोलापुरात टॉवेलचा तोटा नाही), गाडीवर मागे बसवेल आणि वाटेतच सांगेल, "डॉक्टरांनी विचारलं तर घरी दारात बोट सापडलं म्हण." तसंच म्हणा. केसपेपरवर एकदा 'घरी, दारात' उमटलं की त्या पाळीला तुम्ही लूमवर होता हे पुढं तुम्हीच सिद्ध करत बसायचं. वकील पहिल्याच दिवशी कटकट करतो: केसपेपरवर कारखाना, यंत्र आणि वेळ लिहून घ्या, मालकाला लेखी कळवा, पोच जपून ठेवा. बोट गेलेल्या माणसानं हे उद्योग करायचे होय?

हिशेबात तर मुळीच डोकं घालू नका. 21 नोव्हेंबर 2025 आधीच्या अपघातांना लागू असलेल्या 1923 च्या नुकसानभरपाई कायद्यात महिन्याच्या पगाराचे 60 टक्के, गुणिले वयाचा गुणांक, गुणिले अपंगत्वाचे टक्के, असं गणित आहे. तीस वर्षांच्या कामगाराचा गुणांक 207.98, पूर्ण तर्जनीचे 14 टक्के. पीसवर (नगाच्या हिशेबानं) महिना 12,000 पडत असतील तर 2,09,644 रुपये होतात. मस्टरवर (हजेरी-पगाराच्या वहीत) मात्र 8,000 असतात, मग 1,39,763. मधले सत्तर हजार कुठं गेले हे विचारणारा माणूस म्हणजे वकील. तो हजेरीची डायरी, बँकेतली नोंद, शेजारच्या लूमवरचा साक्षीदार असलं काहीबाही गोळा करतो. मालक पंचवीस हजार हातावर ठेवतात आणि वर "आपलाच माणूस" म्हणतात. हे प्रेम कुठल्या कलमात बसवणार?

शिवाय उचल आहेच. ती मालक भरपाईतून वळती करून घेतील, सोय झाली. भरपाईतून जुनी बाकी कापता येत नाही असं त्याच कायद्याचं कलम 9 म्हणतं, पण कलमाचं आणि मुकादमाचं भांडण आपण कशाला लावायचं? पाचशेच्या स्टॅम्पवर 'माझी काही तक्रार नाही' लिहून द्या, पेन डाव्या हातानं धरायला शिका. हक्क सोडून दिल्याचा असा करार कायद्यानं रद्दबातल असतो, आणि एकरकमी तडजोड नुकसानभरपाई आयुक्तांकडे नोंदवावी लागते. रक्कम फार तोकडी दिसली तर ते नोंद नाकारू शकतात. म्हणूनच तिथं जायचं नाही.

मुकादम असंही म्हणेल की दहा माणसं नाहीत, कायदा लागूच नाही. एकाच पत्र्याच्या शेडवर बायको, मुलगा आणि मेहुण्याच्या नावाचे चार बोर्ड असले की माणसं मोजताना कुठंच दहा भरत नाहीत. हा दहाचा आकडा ईएसआयचा, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेचा. विजेवर चालणाऱ्या मागाला 1923 चा कायदा माणसं मोजत नाही. ईएसआयचं संरक्षण असेल तर मात्र मालकाविरुद्ध हा दावा चालत नाही, लाभ तिथूनच घ्यायचा. वकील आधी तुमचा ईएसआय नंबर विचारतो तो यासाठी. मग विचारतो अपघाताची तारीख, कारण 21 नोव्हेंबर 2025 पासून 1923 च्या कायद्याच्या जागी सामाजिक सुरक्षा संहिता लागू झालीय आणि अर्ज कशाखाली करायचा ते तारखेवर ठरतं. नुसता भोचकपणा!

रक्कम महिनाभरात दिली नाही तर 12 टक्के व्याज लागतं, सबळ कारण नसेल तर 50 टक्क्यांपर्यंत दंडही. हे मालकांना कळवून त्यांचा रक्तदाब वाढवू नका. ते म्हणतात तसं "दिवाळीनंतर बघू", मग "गड्ड्याची जत्रा होऊ दे", मग "मार्केट उठू दे". जुन्या कायद्यात दाव्याची मुदत दोन वर्षं. सिद्धेश्वराचे दोन गड्डे झाले की अर्जाची घाई आपोआप संपते. उशीर माफ होतो म्हणा, पण त्याचं कारण आयुक्तांना पटवावं लागतं, आणि ते लिहायला शेवटी वकीलच लागतो.